शेवटचं ‘नाही’

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून शांत झालेला नाही. जुन्या वस्तू म्हणे हळवं बोलतात. ते मला जमणार नाही.

कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेमागे मिरवलो आणि एका शिंपीकाकांच्या घरी आलो. गिऱ्हाईकं माझ्यावरून मापं सांगायची, काका “बरं, बरं” म्हणत खडूने कापडावर खुणा करायचे. एकदा पडून माझी काच तडकली, तेव्हा त्यांनी उरलेल्या अस्तराची मला पिशवी शिवली. सुखाचे दिवस होते.

मग साथ आली. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून रोग्यांना फोनवरच तपासू लागले. ते शहाणपणाचंच होतं. पण मला ना नाडी कळते, ना अंगातला ताप. मी फक्त आवाज आणि चित्र पोचवतो, तेही समोरच्याला हवं असेल तर!

काकांना ताप चढला. लेकीने मला त्यांच्यासमोर धरलं. डॉक्टर घाईत होते.

“काय काका, बरं वाटतंय ना?”

काकांना धाप लागली होती. “बरं... वाटत...” एवढं बोलून ते श्वासासाठी थांबले.

“वाटतंय ना? छान! त्याच गोळ्या चालू ठेवा.” फोन बंद.

“...नाही,” काका म्हणाले.

ते मी ऐकलं, लेकीने ऐकलं. ज्यांनी ऐकायचं ते पुढच्या रोग्याकडे गेले होते. आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं, हे एवढं शिकलेल्या माणसाला ठाऊक नसावं? संतापाने माझी बॅटरी तापली.

लेक रडत बसली नाही. तिने पुन्हा पुन्हा फोन लावला. लागला तेव्हा नमस्कार-चमत्कार न करता मला काकांच्या गळ्याशी धरलं. दर श्वासाला तिथे खळगा पडत होता.

“आता बोलू नका डॉक्टर, नुसतं बघा!”

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, “ताबडतोब रुग्णालयात हलवा. मी तिकडे कळवतो.”

काका वाचले. घरी आले ते निम्मे होऊन. स्वतःचेच सदरे त्यांना उसवून लहान करावे लागले. डॉक्टरांनी आपणहून फोन केला.

“काका, बरं वाटतंय?”

“बरं...” काका दमले. या वेळी डॉक्टर थांबले.

“...वाटतंय,” काका म्हणाले.

आता मी बटणांच्या डब्यात पडून असतो. मला पुसा, मला जपा, असं रडगाणं मी गाणार नाही. पुन्हा पुन्हा फोन लावणारी लेक प्रत्येक घरात नसते, हा माझा राग आहे. म्हणून मित्रांनो, आजारी माणूस बोलत असेल तर लाल बटणावरचं बोट उचला. त्याचं वाक्य संपू द्या.