तळाला चिकटलेला उंडा

ऐंशी दिवस झाले की बुडालेल्या माणसाचा भाला पाण्याच्या देवाच्या, ओपोच्त्लीच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा, ही तळ्यातल्या कुइत्लाहुआक बेटावरची रीत. कोळ्यांना जाळं दिलं ओपोच्त्लीनं, वल्हं दिलं त्यानं, बदकं टिपायचा तीन टोकांचा भालाही त्याचाच. माणूस गेला की ज्याचं त्याला परत.

तेइकू सकाळपासून देवासाठी लाह्या फोडत होती. मक्याचे दाणे तव्यावर टाकण्याआधी ती त्यांच्यावर हलकेच श्वास सोडायची, विस्तवाला भिऊ नयेत म्हणून. पाठीवरच्या झोळीत दोन महिन्यांची नेकावाल खोकली. पाखराचं पिल्लू शिंकावं एवढासा खोकला. तेइकूचा श्वास ओठांतच अडला.

"लाह्या करतेस की दाण्यांशी गप्पा मारतेस?" सासू सेंतेवा दारातून म्हणाली. तिच्या मांडीवर जाळं होतं आणि हातात हाडाची सुई. तिची गाठ माशालाच काय, सुनेलाही सुटत नाही, असं बेटावर म्हणत. "आवर. ऊन चढायच्या आत गेलं पाहिजे."

"झालंच, आत्याबाई."

ओपोच्त्ली रागावला की तळ्याकाठच्या पोरांना खोकला लावतो, हे तेइकूला डोंगरातून लग्न होऊन आल्या वर्षीच कळलं होतं. तो का रागावला असेल, तेही तिला ठाऊक होतं. तिला एकटीलाच, असं तिला वाटत होतं.

ऐंशी दिवसांपूर्वी तिचा नवरा तोचिन बदकांवर निघाला होता. तिचे दिवस भरत आलेले. सेंतेवानं कणसाच्या सालपटांत मक्याचे उंडे उकडले, पाच लेकाच्या शिदोरीत बांधले, एक सुनेच्या हातावर ठेवला. त्यानं तेइकूची भूक हललीसुद्धा नाही. सासू बाहेर गेली तशी तिनं हंडीत हात घातला, तळाला चिकटलेला एक उंडा नखांनी खरवडून काढला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

भांड्याला चिकटलेलं घरच्या बाईनं खाल्लं की घरच्या पुरुषाचा नेम चुकतो. पोटुशीनं खाल्लं तर तिचं बाळंतपण अडतं. हे शेंबड्या पोरींनाही ठाऊक असतं.

तोचिनचा नेम चुकला. भाला लांब पाण्यात गेला, तो आणायला तोही उतरला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. भाला तरंगत काठाला लागला. तोचिनला तिसऱ्या दिवशी पुजाऱ्यांनी वर काढलं. बुडालेला माणूस पाण्याच्या देवाचा झाला, त्याला बायकोनं शिवायचं नाही. तिनं त्याला बघितलं ते लांबूनच, लव्हाळ्यांतून. आणि पुढं नेकावाल यायला दोन दिवस अडली.

ओट्यावर पुजारी विचारतो, ह्या भाल्याला कुणाचा दोष लागला का? कबूल करणाऱ्यानं वर्षभर होडीला, वल्ह्याला, जाळ्याला हात लावायचा नाही. बाहेरून आलेली सून असेल तर तिला माहेरी पाठवतात. मूल बेटाचं, ते बेटावरच राहतं. म्हणजे बोलावं तर लेक हातातून जाणार, आणि गप्प बसावं तर खोकला तिला नेणार. ऐंशी दिवस तेइकू हेच उलटसुलट करत होती. कुणाला सांगणार? सांगायचा माणूसच तर गेला होता.

ओट्यापाशी धूप जळत होता. घायपाताची दारू ओतून झाली, तेइकूनं भाला ठेवला आणि लाह्या उधळल्या. गारांसारख्या त्या दगडावर टपटपल्या.

पुजाऱ्यानं विचारलं.

झोळीत नेकावाल खोकली. एकदा, मग पुन्हा. तेइकूनं तोंड उघडलं.

"दोष माझा," शेजारून सेंतेवा म्हणाली.

"काय केलंस, म्हातारे?"

"भांड्याच्या तळाचं खाल्लं गेलं आमच्या घरात. माझ्यामुळं."

मागं कुणीतरी हसलं. "ह्या वयात एवढी भूक?"

"भूक काय वय विचारून लागते?" सेंतेवानं मागं न बघता सुनावलं. मग तिनं कमरेची सुई काढली आणि कुणी मागायच्या आत भाल्याशेजारी ठेवली.

दोघी बांधावरून घराकडं निघाल्या. सासू पुढं, सून मागं.

"आत्याबाई, तो उंडा मी खाल्ला होता."

"माहीत आहे. हंडीत नखांचे ओरखडे होते. घासली कुणी ती?"

"मग देवासमोर खोटं का बोललात?"

"खोटं काय बोलले? माझ्यामुळं म्हणाले." सेंतेवा थांबली नाही. "लेकाला पाच बांधले, तुला एक दिला. दोन जिवांची बाई. मला वाटलं, पाण्यावर जाणाऱ्याला जास्त लागतं. तू काय, डोंगरातली, कुणाचीतरी पोर." पुढचं ती वाऱ्याला सांगावं तसं बोलली. "ऐंशी दिवस रोज तीच हंडी घासतेय मी."

तेइकूला वाटलं, तिचा हात धरावा. पण ती तशीच चालत होती, पाठमोरी, हात दोन्ही बाजूंना सोडून.

नेकावालचा खोकला हळूहळू ओसरला. पाणपक्ष्यांचे दिवस आले आणि घरातलं जुनं जाळं फाटलं. आता ते विणायला तेइकूच उरली. ती नवी सुई घेऊन दारात बसली. सेंतेवा चार हातांवर, भिंतीला टेकून.

"डावीकडून घाल सुई. डावीकडून गं."

"घातली की."

"ही गाठ म्हणायची? हिच्यातून बदकच काय, बदकाची आजीसुद्धा जाईल."

तेइकू हसली. तिनं गाठ सोडली, पुन्हा घातली. ती पुन्हा सरकली. सेंतेवाचा हात आपसूक पुढं आला. जाळ्यापासून वीतभर अंतरावर थांबला, बोटं हवेत नुसतीच वळली. मग तो मागं गेला आणि तिच्या मांडीवर पडून राहिला.

"पुन्हा घाल," ती म्हणाली.