चार दारांचा नकाशा

रवींद्रभाऊंनी माझा नकाशा चोरला, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडपडदा कशाला?

मी नागपूरची आर्किटेक्ट. इथे अमेरिकेतल्या डब्लिन गावात मात्र फक्त गुरुनाथची बायको. माझा व्हिसा त्याच्या नोकरीच्या आधारावर, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नाही. तीन वर्षांत कागदावर एक रेघ मारली नव्हती. 2004च्या दिवाळीसाठी मराठी मंडळाने एका शाळेचं जिम भाड्याने घेतलं. चारशे माणसं येणार होती. अध्यक्ष रवींद्र ठोसर मला म्हणाले, "रत्नावहिनी, खुर्च्यांचं जरा प्लॅनिंग करून द्या ना. तुम्ही तर घरीच असता." ते 'घरीच' मी मुकाट्याने गिळलं, कारण मला ते काम हवं होतं.

कॉलेजात माझा प्रबंध रोमन ॲम्फिथिएटरवर होता. पन्नास हजार माणसं आत घ्यायची आणि चेंगराचेंगरी न होता बाहेर काढायची, ही त्या लोकांची खरी करामत. रोमच्या कलोसियममध्ये कमानींवर आकडे कोरलेले आहेत. प्रेक्षकाने आपल्या आकड्याच्या कमानीतून शिरायचं, आपल्याच जिन्याने चढायचं आणि त्याच वाटेने परतायचं. मी जिमच्या चार दारांसाठी खुर्च्यांचे चार भाग पाडले, कलिंगडाच्या फोडींसारखे. प्रत्येक भागाला स्वतःची वाट दिली आणि ती दाराकडे रुंद करत नेली, कारण पुढे जाता जाता माणसं वाढत जातात. पासवर दाराचा नंबर घातला. पंधरा दिवस मी त्यात बुडाले होते. फार दिवसांनी मी मला आवडले.

कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिका हातात पडली. 'आसनव्यवस्था: रवींद्र ठोसर.' मी आभाराच्या यादीत होते, 'श्री. गुरुनाथ व सौ.' अशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"भाऊ, हे काय?"

"अहो वहिनी, ऑफिशियली कमिटीचंच नाव टाकतो आपण. तुमच्या व्हिसाचा उगाच इश्यू नको."

खुर्च्या मांडायला व्हिसा लागतो, हे मला नव्यानेच कळलं. पुढे जाऊन पाहते तर समोरच्या दोन भागांच्या वाटा गायब. तिथे स्पॉन्सर मंडळींसाठी साठ जादा खुर्च्या कोंबल्या होत्या आणि त्यांवर जागा धरायला रुमाल, ओढण्या टाकल्या होत्या.

"ह्या वाटा आहेत, भाऊ. काढा खुर्च्या."

"एवढी वाट कशाला? आपण काय रोममध्ये आहोत?"

"रोममध्ये सिनेटर पुढेच बसायचे. पण त्यांना त्यांची दारं होती."

ते हसून निघून गेले. गुरुनाथने माझा दंड धरला. "जाऊ दे ना यार, सीन नको क्रिएट करू."

जेवणाआधी मठ्ठ्याला ताजी फोडणी हवी, हा हट्टही रवींद्रभाऊंचाच. कॉरिडॉरमध्ये इलेक्ट्रिक शेगडीवर मोहरी, हिंग, मिरच्या तडतडल्या, धूर छताला लागला आणि फायर अलार्म बोंबलू लागला.

मी घड्याळ पाहिलं. मागचे दोन भाग तीन मिनिटांत रिकामे झाले. पुढे मात्र खुर्च्या आडव्या पडल्या, त्यांत साड्या अडकल्या, लोक एकमेकांवर ओरडू लागले. मी शिव्या देत खुर्च्या ओढून काढल्या. शेवटचा माणूस बाहेर पडायला अकरा मिनिटं लागली. एका काकूंचा गुडघा फुटला होता.

आग नव्हतीच. पण फायर डिपार्टमेंटचा अधिकारी आत जाऊन त्या खुर्च्या पाहून आला आणि पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "हू डिझाइन्ड धिस लेआउट?"

रवींद्रभाऊंनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शी डिड. शी इज द आर्किटेक्ट."

अमेरिकेत मला आर्किटेक्ट म्हणणारा हा पहिला माणूस. क्षणभर बरंही वाटलं, त्याची मला अजून लाज वाटते.

मी स्मरणिका उघडून अधिकाऱ्यापुढे धरली. त्याला मराठी कुठून येणार? म्हणून मी छापील नावाखाली बोट ठेवलं आणि पुढचा अर्धा भाग कोणाचा ते इंग्रजीत सांगितलं. ठोसरांच्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून दिलं.

"वहिनी, अहो वहिनी," रवींद्रभाऊ म्हणत राहिले.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग मी म्हटलं, मागचा अर्धा भाग तीन मिनिटांत रिकामा झाला, तेही लिहा. तो माझा. व्हिसाचा इश्यू व्हायचा तर होऊ दे. आणि त्याला माझ्या नावाचं स्पेलिंग सांगितलं, आडनावासकट.