सात मिलिमीटर वर

हे कोणालाच खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याला मी उधारीवर स्क्रूसुद्धा देणार नाही; पण पुतणीची नवी सायकल मी स्वतः डोंगरावरून खाली आणली आणि हँडलवर बांधलेल्या पेल्यातलं पाणी थेंबभर सांडलं नाही.

शनिवारी दुपारी मी हे कारखान्यात सांगत होतो. ऐकायला आमचा रंगारी आणि पुतणी. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण जेवतानासुद्धा ती पाटावर टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उताराची शर्यत. जुन्या सायकलने गेल्या वर्षी तिला आपटून गळपट्टीचं हाड मोडलं होतं. नवीचं रेखाटन तिचं, वेल्डिंग माझं. दोन्हींतली एकच शर्यतीला नेणाऱ्या गाडीत चढणार होती. भिंगरी एकीची सीट दाबायची, सोडायची, दुसरीकडे जायची, हात पँटला पुसायची, परत यायची.

"काका, नक्की चालवून पाहिलीत ना? उद्या मान माझी आहे."

"अगं, फ्रेम म्हणजे संसार. पुढचा भाग बाप. ताठ. हँडल वळवलं की निमूट वळला पाहिजे. मागचा भाग आई. दगड सोसते, वर कळू देत नाही."

"आणि धक्के झेलणारा शॉक?" रंगारी म्हणाला.

"शॉक म्हणजे आजी. सगळे तिच्यावर आदळतात."

रंगारी खो खो हसला. भिंगरी हसली नाही. ती खाली वाकून मागचा सांधा चाचपत होती.

"काका, ही बिजागरी मी रेखाटनात दाखवली तिथे नाहीये."

आता सांगणं भागच होतं. "तू सरावाला गेली होतीस तेव्हा सात मिलिमीटर वर घेतली. चाकाला दगड लागला की त्याने नुसतं उडायचं नाही, जरा मागे सरकायचं. शहाणा माणूस भांडणात सरकतो तसं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "मग चेन? ती बिजागरीजवळून वरून न्यायला मधली चकरी लावलीत?"

"चकरी कशाला? उगाच वजन! ऐक तर. नारळाएवढे दगड, मी पॅडल मारतोय, उतारावरसुद्धा मारतोय. वाटेतला ससा मागे पडला, वारा धापा टाकायला लागला. आणि पाय? लोण्यात फिरवावेत तसे. एक झटका नाही, एक हिसका नाही. पेला तर—"

"थांबा. पॅडल मारत होतात? पूर्ण उतार?"

"अगदी शेवटच्या दगडापर्यंत!"

भिंगरीने नवी सायकल भिंतीला टेकवली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

"रंगारीदादा, जुनी चढवा गाडीत."

"का गं?" मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.

"खोटं बोलताय म्हणून! बिजागरी वर गेली की दगडागणिक चाक मागे सरकणार, चेन ताणली जाणार आणि पॅडल पायाला उलटी लाथ मारणार. ते टाळायला चकरी नाही, आणि पाय लोण्यात? काका, तुम्ही या सायकलवर बसलाच नाहीत!"