रहाट थांबल्यावर

शेवटच्या गाडग्याच्या बुडाचं भोक तिने मेणाने बुजवलं आणि अंगठ्याने दाबून सारखं केलं.

"बाबांनी इतकी वर्षं फुटकी गाडगी कशी चालवली?"

बांधावरून काका हसले.

"तुझा बाप चिकट. फुटकं गाडगंही टाकवायचं नाही त्याला. पण सांगून ठेवतो, संध्याकाळपर्यंत खालचा वाफा भिजला नाही, तर उद्या पंप. रहाट सरपणात."

वडील गेल्यापासून रहाट उभाच होता. तो फिरताना तिला पुन्हा ऐकायचा होता, म्हणून आज थेंबही वाया जाऊ द्यायचा नव्हता.

तिने बैल हाकला. कुरकुरत रहाट फिरू लागला. काठोकाठ भरलेली गाडगी वर येऊन पन्हळीत उपडी होऊ लागली. उन्हं कलायच्या आत वाफा तुडुंब झाला.

"बरं, राहू दे रहाट," म्हणत काका घराकडे वळले.

बैल थांबवून ती विहिरीच्या काठावर बसली, बाबा बसायचे तिथे. तिने कान दिला. आत नुसती शांतता. काहीतरी कमी होतं. काय, ते आठवेना.

बैल मात्र मान ताणून, खूर रोवून पुढे रेटत होता. भरलेली गाडगी त्याला मागे ओढत होती.

आई धावत आली. "अगं, मागे घे त्याला! हळूहळू."

जू धरून आईनेच त्याला पाऊल पाऊल मागे आणलं. गाडगी पुन्हा पाण्यात बुडाली, तेव्हा कुठे त्याची मान सैल झाली.

आईने काठाशी आलेलं गाडगं चाचपलं.

"मेण? शहाणीच आहेस! ही भोकं त्यांनीच पाडलेली. थांबल्यावर गाडगी रिती व्हावीत, मुक्या जिवाच्या मानेवर भार नको म्हणून."

तिने मान खाली घातली. आईने अंबाड्यातला आकडा काढून तिच्या हातात दिला.

रहाट थोडा थोडा फिरवत दोघींनी सगळं मेण उकरून काढलं. मग बैलाला दोन फेरे चालवून थांबवलं.

आतून आवाज आला. एका गाडग्यातून खालच्यात, त्यातून त्याच्या खालच्यात, टपटप, थेट विहिरीतल्या पाण्यापर्यंत. इथेच मांडीवर बसवून बाबा म्हणायचे, "ऐक, आत पाऊस पडतोय."

बैलाची मान सैल झाल्यावर आईने त्याला सोडलं.

"चल आता. अंधारेल."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "गाडगी पुरती रिकामी होऊ देत."