वाळल्यावर उतरणारा रंग

इश्वररावांना स्कूटर हवी होती आणि त्यासाठी घरची फियाट विकायची होती. सत्यभामाबाईंना स्कूटर नको होती. दर सोमवारी पूल ओलांडून कारध्याला बहिणीकडे जायचं, मागच्या सीटवर ऐसपैस बसून, काच खाली करून, ओळखीच्या बायकांना हात दाखवत जायचं. हे सुख स्कूटरवर नवऱ्याच्या पाठीला चिकटून थोडंच मिळणार होतं! पण भंडाऱ्याच्या त्या घरात बाईच्या म्हणण्याला कोण भीक घालतो?

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवरचे कंत्राटदार धनीराम गाडी घ्यायला तयार होते. त्यांची अट एकच होती. जुनाट करडा रंग जाऊन दुधाच्या सायीसारखा फिक्का पिवळा रंग हवा. गॅरेजवाल्याला काम द्यायचं तर इश्वररावांचा अपमान होता. पिढ्यान्‌पिढ्या साड्यांचं सूत रंगवणाऱ्या माणसानं रंगासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं?

"लोखंड काय अन् सूत काय," ते म्हणाले, "रंग तो रंगच."

आधी मच्छर मारायचा पंप काढला. त्यानं न्हाणीच्या दारावर असे शिंतोडे उडवले की दाराला देवी आल्यासारखं वाटावं. मग धानावर औषध मारायचा पंप मागून आणला, तर थिनरनं त्याचा वायसरच विरघळवून टाकला. पंपवाला शेजारी चार दिवस बोलला नाही. शेवटी सायकलच्या दुकानातला हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि भाड्याची स्प्रे गन अंगणात आली. भिंतीच्या एका कोपऱ्यावर फवारा मारून पाहिला. धुक्यासारखा उडाला. इश्वरराव हरखून गेले.

आता रंग. दुकानातून आणलेल्या शेडकार्डावरच्या हळदी पिवळ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"धनीरामभाऊले तं फिक्का पाह्यजे ना?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अवो, ओला रंग गडद दिसते, वाळल्यावर उतरते. म्हणून दोन घरं वरचा घ्या लागते. तूच सांग, उतरते का नाही?"

सत्यभामाबाईंनी दोरीवर वाळत घातलेल्या सुताच्या लड्यांकडे पाहिलं. मग परसातल्या दाराकडे पाहिलं. दिवाळीत त्याला लावलेला हिरवा रंग ओला होता तसाच वाळून अजून डोळ्यात खुपत होता. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. त्यांना कारध्याचा पूल आठवला.

"सुताचा तं उतरते," त्या म्हणाल्या. खोटं त्या बोलल्या नव्हत्या.

काचांवर वर्तमानपत्रं चिकटवून इश्वररावांनी गाडी रंगवली. हात मात्र सोन्यासारखा! एक ओघळ नाही की डाग नाही. फक्त गाडी हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळीधमक झाली. रोज सकाळी ते बोट फिरवून बघत आणि पुटपुटत, "उतरन, उतरन." गल्लीतले लोक मात्र थांबून म्हणत, "वा, काय चमक आणली!" मग इश्वररावांची छाती फुगे. सत्यभामाबाई चुलीशी बसून पदरात हसत. अशी गाडी धनीराम कशाला घेतील?

धनीराम आले, गाडीभोवती फिरले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा, इश्वरभाऊ! खदानीत सगळं कारंकुट्ट. हे गाडी तं कोसावरून दिसन. फिक्क्यापेक्षा हेच बेस! आजच नेतो."

सत्यभामाबाईंनी चुलीवरचा चहा कपांत ओतला. आपलाच डाव आपल्या अंगावर! पण चहाचा कप पुढे करताना त्यांचा आवाज गोडच होता.

"न्या ना भाऊ. फक्त त्या काऱ्या धुळीत रंग झाकून जाईन. ह्यायनं येवढ्या मेहनतीनं मारला, कोनाले दिसनच नाही."

इश्वररावांचा कप ओठाशी थांबला. "रोज धुवत जासान ना गाडी?"

"खदानीत पियाले पानी नाही, अन् गाडी कोन धुवन?" धनीराम हसले.

इश्वररावांनी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता.

"नाही विकत," ते म्हणाले.

धनीरामांनी पुष्कळ समजावलं, शेवटी रागावून निघून गेले. स्कूटरचं नावही पुन्हा निघालं नाही.

सोमवारी पिवळीधमक फियाट कारध्याच्या पुलावर चढली.

"पाह्यजो तू," इश्वरराव स्टेअरिंगवरून म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत उतरन."

"हो ना," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि काच खाली करून बायकांना हात दाखवू लागल्या.