टाकीखालचं मोहोळ

पाठीवर पडून गरगर फिरणारी मधमाशी श्रीनिवासरावांनी कागदावर उचलून घेतली. पेटीच्या दारासमोरच्या फळीवर अशा तीस-चाळीस तरी होत्या. काही नुसत्याच थरथरत होत्या. आतल्या माश्या मेलेल्यांना ओढत बाहेर आणून टाकत होत्या, आणि तरीही गच्चीवरच्या दोन्ही पेट्यांतून नव्या माश्या लगबगीने उडत होत्या.

वैशाख संपत आलेला. कर्वेनगरात आता फुलं ती कितीशी! या दिवसांत पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. यंदा मात्र मंगळवारी पोळी मधाने जड झालेली पाहून ते लहान मुलासारखे हरखले होते. हा मध आला कुठून, हे स्वतःला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आता ते कठड्याशी गेले. माश्या सरळ बी विंगच्या पाण्याच्या टाकीकडे चालल्या होत्या. टाकीखाली आग्या माश्यांचं भलंमोठं मोहोळ तसंच लोंबत होतं. त्यात आग्या माशी एकही नव्हती. उरलेल्या मधावर श्रीनिवासरावांच्या माश्या तुटून पडल्या होत्या.

तिथे रविवारी विषारी औषध मारलं होतं. अर्जावर पहिली सही श्रीनिवासरावांचीच. आग्यांचं काय ते करा, माझ्या पेट्यांना हात लावू नका, असं सोसायटीशी ठरलं होतं. मोहोळ उतरवून नेलं की नाही, हे बघायला ते फिरकलेही नाहीत. लाज वाटत होती. औषध मारलं की मोहोळ उतरेपर्यंत आपल्या पेट्यांची दारं बंद ठेवा, हे वीस वर्षं लोकांना शिकवणारा माणूस! आणि बुधवारी तोच मध काढून त्यांनी पेट्या राहू दिल्याबद्दल आभार म्हणून पाच घरी वाटला होता.

खरं सांगितलं तर पेट्या संध्याकाळच्या आत गच्चीवरून जाणार. जिना उतरता उतरता त्यांनी एक सबब जुळवली.

"बाटल्यांच्या काचेत खोट निघालीये. कपचे उडतायत. मध खाऊ नका, परत द्या."

"फुकट दिलात तेव्हाच शंका आली होती," पहिल्या मजल्यावरचे दत्तप्रसाद बाटली पुढे करत म्हणाले. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घरूनही बाटल्या तशाच मिळाल्या. श्रीनिवासरावांच्या जिवात जीव आला.

पाचवं घर अस्मिताचं.

"अहो काका, तो मध वाघोलीला गेला, ताईकडे. काल बारसं झालं ना तिच्या बाळाचं. तिच्या सासूबाईंना बाळाला रोज बोटभर चाटवायला घरचा मध हवा होता."

श्रीनिवासरावांनी दाराची चौकट धरली.

"पण काचेचं टेन्शन घेऊ नका," ती हसून म्हणाली. "मी फडक्यातून गाळून स्टीलच्या डब्यात भरून दिलाय. थांबा, बाटली देते तुमची."

तिने धुतलेली बाटली आणून त्यांच्या हातात दिली. आता नुसतं वळून वर जायचं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. ते उंबऱ्यापाशीच उभे राहिले. त्यांना स्वतःची भयंकर किळस आली.

"अस्मिता, ताईला फोन लाव."

"का? गाळलाय की मी!"

"लाव तू. काचेचं मी खोटं सांगितलं. मधात विष आहे."

तिचं हसू गेलं. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे रिंग वाजत राहिली, पूर्ण वाजून बंद झाली. अस्मिताने पुन्हा नंबर लावला.