तांबड्यावर गेलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना तापदर्शक आहे. हवाना शहरातल्या सत्तर वर्षांच्या एका मोटारीत, स्टिअरिंगच्या मागे माझी गोल तबकडी आहे. इंजिन किती तापलं ते काट्याने दाखवायचं, एवढंच माझं काम. तेही मला जमलं नाही, असं लोक म्हणतात.

तरुणपणी माझी ऐट होती. मग समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझी तार खाल्ली. सुटे भाग मिळण्याची आशाच नव्हती. मालक एव्हेलिओ भाड्याने माणसं न्यायचा. त्याने माझा काटा बरोबर मध्यावर चिकटवून टाकला. "लोकांना धीर वाटायला पाहिजे," म्हणाला. आमच्याकडे निम्म्या गाड्यांचे काटे असेच शोभेचे असतात. वीस वर्षं मी "सगळं ठीक आहे" असं खोटं सांगत बसलो. लाज वाटायची, पण सांगणार कुणाला?

त्याची थोरली बहीण ओदालिस घड्याळं दुरुस्त करायची. तिला माझी कीव आली.

"अरे, बाबांच्या वेळचं इंजिन आहे. जळलं तर दुसरं कुठून आणशील? खाशील काय?"

"ताई, तू आपली घड्याळं बघ."

तिने ऐकलं नाही. रशियन ट्रॅक्टरच्या मीटरचं पोट माझ्यात बसवलं, बियरच्या डब्याचा पत्रा कापून काटा केला, तो स्वतःच्या नेलपॉलिशने रंगवला. मी जिवंत झालो! पण ट्रॅक्टरचं माप वेगळं. इंजिन थंड असतानाच काटा तांबड्यावर, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यावर गेला. एव्हेलिओने घाबरून भर चौकात गाडी थांबवली आणि गार इंजिनावर बादलीभर पाणी ओतलं.

"आता त्यात रताळी टाक आणि सूप कर!" मागून एक प्रवासी ओरडला आणि बाकीचे पोट धरून हसले.

ओदालिसने मग बंद पंख्याची बारीक तार गुंडाळली, उकळत्या पातेल्याशी ताडून पाहिलं आणि अकरा दिवसांत मला अचूक केलं. एव्हेलिओने मला पुन्हा बसू दिलं, ते केवळ ताईचं मन राखायला.

चौथ्या दिवशी शहरातल्या लॉटन भागाच्या चढणीवर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची नळी सुटली. तीही सायकलच्या ट्यूबने बांधलेली. इंजिन तापू लागलं, तसा मी काटा चढवत गेलो. इतकं खरं मी वीस वर्षांत बोललो नव्हतो.

"अहो दादा, तो काटा तांबड्यात गेलाय," शेजारी बसलेली बाई म्हणाली.

"जाऊ द्या हो! माझ्या बहिणीचा लाडका ट्रॅक्टर आहे तो, त्याला सवयच आहे."

गाडीत हशा पिकला. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली. माझा काटा अगदी कडेला टेकला, पुढे जायला जागाच नव्हती. वरच्या वळणावर इंजिन आतून कडकडलं आणि कायमचं जखडलं.

आता गाडी अंगणात विटांवर उभी आहे. एव्हेलिओ बेकरीत पिठाची पोती उचलतो. ओदालिस एकदा माझ्यासमोर बसून रडली. "पहिल्याच खेपेला नीट केलं असतं तर," एवढंच म्हणत राहिली. तिचे डोळे पुसायला मला हात नव्हते.

मित्रांनो, एकदा चुकलेला कुणी पुन्हा काही सांगू लागला, तर हसण्याआधी वाकून बघा तरी. एव्हेलिओ हल्ली बघतो. कामावरून आला की तो स्टिअरिंगमागे बसतो, किल्ली फिरवतो आणि माझ्याकडे टक लावून बघत राहतो. मी त्याला रोज खरं तेच सांगतो. इंजिन थंड आहे.